गाडीचं पाणी कुठे जातं?

मला डुक्कर म्हणतात, मित्रांनो. हसा, आधी पोटभर हसून घ्या, मग मी बोलते. पुढून माझं नाक फुगीर, त्याच्या दोन बाजूंना गोल दिवे आणि अंगाने मी चांगली गुबगुबीत. कुणा टारगटाने माझ्या जातीच्या सगळ्या जुन्या गाड्यांना 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पहिल्यांदा मला राग यायचा. आता रस्त्यात कुणी 'अरे, डुक्कर बघ, डुक्कर!' असं ओरडलं की मला उलट बरं वाटतं. म्हातारपणी कुणी ओळख दाखवली तर कुणाला आवडणार नाही?

माझे भाग परदेशातून बोटीने आले आणि कुर्ल्याच्या कारखान्यात जोडले गेले. पहिली काही वर्षं मी मुंबईत एका पारशी डॉक्टरांकडे होते. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं. मला बघायला पुष्कळ लोक आले. कुणी टायरला लाथ मारून बघितली, कुणी दार आपटून बघितलं. पनवेलचे गुरुदत्त कर्णिक मात्र आले ते सरळ बॉनेटकडे गेले. रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं, त्यावरचं पाणी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. चांगली ठेवलीय." तिथल्या तिथे मी त्यांची झाले. व्यवहार मागून झाला.

आता हे पाण्याचं काय प्रकरण आहे ते तुम्हाला सांगायला हवं. इंजिन चाललं की तापतं. त्याला थंड ठेवायला त्याच्या अंगातल्या पोकळ्यांमधून पाणी फिरत असतं. ते गरम झालं की माझ्या नाकामागच्या जाळीत येतं, म्हणजे रेडिएटरमध्ये, तिथे वाऱ्यावर निवतं आणि परत कामाला लागतं. हे पाणी कमी झालं, की इंजिन तापत जातं. फार तापलं, तर कायमचं जातं. म्हणून पेट्रोल भरायला कुणी विसरलं तरी चालेल, पण पाणी बघायला विसरू नये.

गुरुदत्त कधीच विसरले नाहीत. ते मिठाच्या एका व्यापाऱ्याचे कारभारी होते. उरणच्या वाटेवरच्या मिठागरांत आम्हाला सारखं जावं लागे. खारी हवा पत्रा खाते, म्हणून घरी परतल्यावर ते मला गोड्या पाण्याने धूत. स्वतः घामाने निथळत असले तरी आधी मी, मग त्यांची आंघोळ. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई ओसरीतून म्हणायच्या, "अहो, लग्न माझ्याशी लागलंय ना तुमचं?" आणि ते फडकं पिळत म्हणायचे, "म्हणून तर तुला चालवायला शिकवतोय, बरं का."

'बरं का' हा त्यांचा शब्द. दर वाक्याच्या शेवटी यायचाच.

त्यांनी पद्मजाबाईंना शिकवलंही. मिठागरांच्या बांधावरचा रस्ता मोकळा असे. बाई बरं चालवत होत्या. पण एकदा समोरून म्हैस आली आणि त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकले. माझं एक चाक थेट मिठागरात! बाहेर काढायला चार माणसं लागली आणि ती चारही हसत होती. बाईंनी कानाला खडा लावला. "मेले तरी हात लावणार नाही," म्हणाल्या. तोवर मिळालेलं लायसन्स मात्र कपाटात जपून ठेवलं.

वर्षं गेली. मुलगा नीलेश मोठा झाला, न्हावा शेवाच्या बंदरात नोकरीला लागला, नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये त्याने घर केलं, मारुती घेतली. गुरुदत्त निवृत्त झाले. आणि एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला तो निसटलाच. उजवा हात गेला, उजवा पाय ताठ झाला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं, मित्रांनो, एक 'बरं का' तेवढं राहिलं. भूक लागली, 'बरं का'. राग आला, 'बरं का'. डोळ्यांत पाणी येऊन काही सांगायचं असलं, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, डोक्यात सगळं शाबूत आहे, बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. मला ते लगेच कळलं. मलाही एकच भोंगा आहे. गाय आडवी आली तरी तोच आणि लग्नाची वरात निघाली तरी तोच.

आता माझ्या दाराबद्दल ऐका, कारण पुढचं सगळं त्या दारावर आहे. माझी पुढची दारं उलटी उघडतात. हल्लीच्या गाड्यांचं दार पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं, माझं मागच्या बाजूला. गुरुदत्त डाव्या सीटवर बसायला आले, गाडीकडे पाठ करून उभे राहिले, की माझं उघडं दार बरोबर त्यांच्या डाव्या हाताशी यायचं. धडधाकट हाताने ते दार धरायचे आणि मागच्या मागे सीटवर बसायचे. एकटे. कुणाचा हात न लागता. मारुतीत तेच दार त्यांच्या उजव्या, गेलेल्या हाताशी यायचं. मागच्या सीटवर बसवावं, तर ताठ पाय आत मावायचा नाही. नीलेशने आणि शेजाऱ्याने एकदा त्यांना काखेत धरून, कमरेला धरून मारुतीत कोंबलं होतं. कोंबलंच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. ते घरी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते.

म्हणून पद्मजाबाईंनी कपाटातलं लायसन्स काढलं. छप्पन्नाव्या वर्षी! पहिल्या दिवशी तळ्याकडच्या रस्त्याने आम्ही इतक्या हळू गेलो, की एक कोंबडी आमच्या पुढून आरामात चालत गेली. गुरुदत्त शेजारी बसून बाईंकडे बघत होते. कौतुकाने माणूस किती उजळतो, ते मी त्या दिवशी आरशात पाहिलं. मग आम्ही व्यायामाच्या दवाखान्यात जायला लागलो, संध्याकाळी तळ्यावर जायला लागलो. बाई म्हैस दिसली की अजून दचकायच्या, पण डोळे उघडे ठेवायच्या.

हे झालं ब्याण्णव साली. पावसाळा संपला, नवरात्र आलं आणि माझं पाणी कमी व्हायला लागलं.

सकाळी बाई झाकण उघडत, तर पाणी तळाला. भरावं, एक फेरी मारावी, निवल्यावर बघावं, तर पुन्हा कमी. आणि गंमत अशी, की खाली थेंब नाही! बाईंनी माझ्याखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

"मग जातं कुठे मेलं पाणी?" त्या कमरेवर हात ठेवून मला विचारायच्या.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. आपल्या अंगात कुठे दुखतंय ते आपल्याला ठाऊक असतंच. सांगणार कशी?

याकूबभाई आले. बाजारपेठेमागे त्यांचं गॅरेज होतं आणि माझ्या अंगाला गुरुदत्तांखेरीज हात लागलेला तो त्यांचाच. त्यांनी सगळं नीट केलं, बरं. त्यांना बोल लावायला जागा नाही. रबरी पाइप बदलले. पाण्याचा पंप उघडून पाहिला. रेडिएटर उतरवून त्याला कथलाचे डाग दिले. तेलाची कांडी काढून पाहिली, कारण पाणी इंजिनाच्या आत तेलात उतरत असेल तर तेल दुधासारखं पांढरं होतं. तेल लख्ख होतं. याकूबभाईंनी डोकं खाजवलं.

"भाभी, पाणी बाहेर नाही, तेलात नाही. मग काय गाडी पिऊन टाकते? इंजिन उतरवावं लागेल. पण माझी गॅरेजातली पोरं दिवाळीला गावाला निघालीत. दिवाळी होऊ द्या, मग आरामात खोलतो."

"दिवाळीनंतर नको हो याकूबभाई," बाई काकुळतीला आल्या. "भाऊबीजेला पेणला जायचंय."

पेणला गुरुदत्तांची मोठी बहीण होती, दमयंतीताई. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. गुरुदत्तांची एकही भाऊबीज चुकली नव्हती. एका वर्षी पुलावरून पाणी होतं म्हणून ते चालत गेले होते, असं बाई सांगत. आता ताई पंचाहत्तरीच्या पुढे गेली होती. मांडीचं हाड मोडल्यापासून वर्षभर तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भावाला झटका आल्याचं कळलं, पण ती येऊ शकली नाही आणि आपला आवाज फोनवर नुसता 'बरं का' म्हणतो, म्हणून गुरुदत्त फोन हातात घेत नसत. पेणहून निरोप यायचे ते चांगले नव्हते. ताई जेवण टाकते, ताई भिंतीकडे तोंड करून पडून असते. या भाऊबीजेला भेट झाली नाही तर पुढची मिळेल, असं कुणीच म्हणत नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी बाईंनी ठरवलं, एक लांबची फेरी मारून बघू. गुरुदत्तांना घेऊन आम्ही निघालो आणि पळस्पे फाट्याच्या पुढे माझा तापमानाचा काटा चढायला लागला. चढला, चढला आणि बॉनेटच्या फटीतून फुस्स करून वाफ! बाजूने बंदराचे मोठमोठे ट्रेलर धडधडत जात होते. बाईंनी मला कडेला घेतलं. गुरुदत्त उतरू बघत होते, बाई त्यांना बसा बसा म्हणत होत्या.

एक ट्रेलर पुढे जाऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन आला. गव्हाणकडचा होता, अंकुश नावाचा.

"घाबरू नका वयनी, आधी थंड होऊ द्या तिला. लगेच झाकण खोललाव तं तोंड भाजेल." तो थांबला, मग पाणी भरलं, खाली वाकून पाहिलं. "गळती हाय, पण दिसत नाय. मूठभर हळद टाका आत. आमी रस्त्यावर असताव तवा तेच करतो. हळद जाऊन भोकात बसते. घरापर्यंत तरी गाडी जाते."

हे खरं आहे बरं, मित्रांनो. अडीअडचणीला ड्रायव्हर लोक हा उपाय करतात. पण त्याने काय सांगितलं होतं? मूठभर आणि घरापर्यंत.

त्या संध्याकाळी नीलेश आला. त्याला कुणीतरी आम्हाला रस्त्यात पाहिल्याचं सांगितलं होतं. तो चिडला होता असं तुम्ही म्हणाल. मला तो घाबरलेला दिसला.

"आई, त्या रस्त्यावर काय चालतं ते मी रोज बघतो. उद्या गाडी मधोमध बंद पडली आणि मागून कंटेनर आला, तर बाबा उतरणार आहेत का पटकन?"

"अरे, पण..."

"पण नाही. भाऊबीजेला मी नेतो मारुतीतून. आणि दिवाळी झाली की ही भंगारात द्यायची. आता पुरे."

ओसरीतल्या खुर्चीवर गुरुदत्त बसले होते. त्यांच्या डोक्यावरून हे सगळं बोलणं चाललं होतं. ते मान हलवत होते, डाव्या हाताने खुर्ची आपटत होते, "बरं का! बरं का!" म्हणत होते.

"हो बाबा, तुम्हाला त्रास होऊ देणार नाही," नीलेश त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं.

पद्मजाबाईंनी तेवढ्यात एक सौदा करून घेतला. "गाडी बरी झाली तर आम्ही हिच्यातूनच जाणार. तू तुझी मारुती घेऊन मागून ये. वाटेत एकदा जरी वाफ आली, तर तू म्हणशील ते."

"बरी होणार कशी? याकूबभाईंनीच हात टेकले."

"ते मी बघते," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी काय बघितलं? नरकचतुर्दशीला सगळे फराळात गुंतलेले असताना त्या पदराखाली हळदीचा डबा लपवून आल्या. आपल्याकडे कापलं, खरचटलं, रक्त आलं की बाईचा हात आधी हळदीकडे जातो. मूठभर टाकली. मग विचार केला, एवढ्या मोठ्या इंजिनाला मूठभर काय पुरणार? औषध कमी नको पडायला. अख्खा डबा माझ्या नरड्यात रिकामा केला! वर्षाची हळद, घरी कुटून घेतलेली. वर हात जोडले आणि म्हणाल्या, "थांब ग बाई आता."

मी काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! रेडिएटरच्या बारीक नळ्या गच्च भरल्या. पाणी फिरेना. बाईंनी इंजिन सुरू केलं, तर थोड्या वेळात झाकणाखालून पिवळा फेस यायला लागला. भोकात हळद बसली का? थोडी बसली असेल, पण आतला दाब वाढला आणि तिथून ती परत बाहेर पडली. बाईंनी घाईघाईने मला बंद केलं, फेस पुसला आणि ते फडकं राखेत पुरलं. ज्या माणसाने मला कधी गाळल्याशिवाय पाणी घातलं नाही, त्याला हे सांगायची त्यांची छाती होईना. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या पणत्या लावत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पाडव्याच्या सकाळी गुरुदत्तांना वास आला. उकडलेल्या हळदीचा वास काही लपतो का? ते खुर्चीतून उठले, काठी घेतली आणि पाय ओढत माझ्याकडे आले. झटका आल्यापासून ते बॉनेटकडे आलेच नव्हते. सगळे त्यांना दाराकडे आणायचे, बसवायचे, उतरवायचे. मला काय झालंय, असं त्यांना एकदाही कुणी विचारलं नव्हतं. बोलता येत नाही त्या माणसाला काय विचारायचं?

त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "बरं का!"

"अहो, ऊन लागेल, चला आत."

"बरं का!!"

बाईंनी बॉनेट उघडलं. त्यांनी झाकण उघडायची खूण केली. आत पिवळाधमक रस्सा. गुरुदत्तांनी बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि वळून बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा असा झाला, की मिठागरात चाक गेलं तेव्हाही तसा झाला नव्हता.

"मीच टाकली," त्या रडतच म्हणाल्या. "डबाभर टाकली. तुमची गाडी मी घालवली हो."

 गुरुदत्तांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते! तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, पण हसत होते. पिवळं बोट त्यांनी हळूच बाईंच्या गालाला पुसलं. बाई रडता रडता "इश्श, काय हे रस्त्यावर," म्हणाल्या.

आणि मग त्यांचं हसणं थांबलं. ते त्या पिवळ्या बोटाकडे बघत राहिले. काहीतरी सुचलं होतं. "बरं का. बरं का, बरं का!" त्यांनी घराकडे बोट दाखवलं.

"पाणी हवंय? औषध? बसायचंय?" बाईंनी एकेक विचारलं. नाही, नाही, नाही. त्यांनी डावा हात गालावर खालून वर फिरवला.

"दाढी? आता दाढी करायचीय?"

त्यांनी वैतागून काठी आपटली. पुन्हा गालावर हात, मग डोळ्यांसमोर तळहात धरला. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि पळत आत गेल्या. बाहेर आल्या त्या त्यांचा दाढीचा हातातला आरसा घेऊन.

आरसा घेऊन गुरुदत्त माझ्यावर ओणवले. माझ्या इंजिनाच्या एका बाजूने धूर बाहेर नेणारी जाड लोखंडी नळी जाते. तिच्यामागे इतकी अरुंद जागा आहे, की तिथे डोकं घालून बघता येत नाही. त्यांनी आरसा तिथे खाली घातला, तिरका केला आणि बाईंना खूण केली, बघ.

नळीमागे इंजिनाच्या भिंतीवर पिवळा ओघळ होता. सुकून पोपडा धरलेला, हळदीचा. तो वर जाऊन एका वाटीएवढ्या गोल पत्र्याच्या झाकणापाशी संपत होता.

तिथेच दुखत होतं मला! पाण्याच्या पोकळीला इंजिनाच्या भिंतीत अशी पत्र्याची बुचं बसवलेली असतात. माझं ते बूच गंजून गंजून त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. मी थंड असताना काही नाही. तापले, आत दाब आला, की पाण्याची चिळकांडी उडायची ती थेट त्या लाल तापलेल्या नळीवर. जागच्या जागी वाफ. खाली पुठ्ठ्यावर थेंब येणार कुठून? साधं पाणी खूण न ठेवता उडून जात होतं. हळदीने मागे डाग ठेवला.

बाईंनी आरशात पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळं कळतं. आम्ही मेले तुम्हाला विचारतच नाही." आणि भर रस्त्यात त्यांनी त्यांचा हात धरला, तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.

याकूबभाईंना बोलावणं गेलं. सणाचा दिवस, पण ते पेटी घेऊन आले. झाकण उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"या अल्ला! भाभी, हे इंजिन आहे की वरणाचं पातेलं? मीठ घालायचं राहिलं वाटतं!"

"घाला मेलं तेही, आता काय राहिलंय," बाई म्हणाल्या आणि सगळेच हसले.

पण आरसा हातात धरल्यावर याकूबभाईंचं हसू थांबलं. त्यांनी गुरुदत्तांना नुसता सलाम केला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. धुराची नळी सोडवली, गंजलेलं बूच ठोकून काढलं, पेटीतून पितळेचं नवीन बूच शोधून बसवलं. मग माझं पोट धुवायचं काम सुरू झालं. नळी उलटी लावून पाणी सोडलं, ते पिवळं. परत सोडलं, पिवळं. आमच्या दारातून तळ्याकडे जाणारं गटार पिवळं झालं. रस्त्याने जाणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "पद्मजाबाई, कुणाची हळद आहे घरात?" दिवे लागायच्या वेळी पाणी एकदाचं स्वच्छ आलं. गुरुदत्तांनी त्यात बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि मान डोलावली. मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. गुरुदत्तांनी माझं दार डाव्या हाताने धरलं आणि बसले. मागे नीलेशची मारुती. शिरढोण गेलं. कर्नाळ्याचा चढ आला आणि पुढे एक भरलेली लॉरी रांगत होती. अशा वेळी गाडी तापते. बाईंचे डोळे रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. काटा मध्यावर आला.  गुरुदत्तांनी डावा तळहात माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी जीव खाऊन चढत होते, मित्रांनो, पण काटा मध्यावरून हलू दिला नाही. खिंड ओलांडली, उतार लागला आणि मागून मारुतीचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा. नीलेश वाजवत होता. मला तो पहिल्यांदा लहान मुलासारखा वाटला.

पेणला दमयंतीताईला त्या दिवसापुरतं ओट्यावर आणून उशीला टेकून बसवलं होतं. वाळून चिपाड झालेली. शेजारी निरांजनाचं ताट. मी थांबले. नीलेश धावत आला, पण पद्मजाबाईंनी त्याला हाताने अडवलं. गुरुदत्तांनी दार धरलं, पाय खाली ठेवले आणि उभे राहिले. ताई बघत होती. तिला सांगितलं होतं, की भाऊ गेल्यातच जमा आहे. तो पाय ओढत का होईना, तिच्या दिशेने चालत आला.

तिने ओवाळलं. निरांजन दोनदा विझलं, तिच्या सुनेने पुन्हा लावलं. "गुरू," ती म्हणाली, "तू बोलू नकोस. मला काही नको बोलायला."

ओवाळणी घालायची वेळ आली. बाईंनी आणलेलं लुगडं पुढे केलं. गुरुदत्तांनी ते बाजूला सारलं. "बरं का," ते म्हणाले आणि बहिणीचा हात धरून तिला ओढायला लागले. त्यांचं बोट माझ्याकडे होतं.

"अहो, वन्संना कसं झेपेल?" बाई घाबरल्या.

पण ताईला कळलं होतं. वर्षभर घराबाहेर न पडलेली ती बाई एकदम खुदकन हसली. "चल," म्हणाली. "ने मला. मी अजून मेले नाहीये."

नीलेशने आत्याला दोन्ही हातांवर उचललं. ती म्हणाली, "हळू रे गाढवा." माझी पुढची सीट सलग आहे, मध्ये गिअरचा दांडा नाही. तो स्टिअरिंगला आहे. बाई, मध्ये ताई आणि कडेला गुरुदत्त, असे तिघं दाटीवाटीने मावले. आम्ही पेणच्या बाजारातून गेलो, कारखान्यांच्या दारात नुसत्या मातीच्या बसलेल्या गणपतींवरून गेलो, नदीच्या पुलावर जाऊन थांबलो. ताई प्रत्येक दुकानाचं नाव वाचत होती. हे नवीन, ते जुनं, इथे तू पडला होतास, इथे आपण उसाचा रस प्यायलो होतो. गुरुदत्त ऐकत होते.  पुलावर पोचल्यावर तिने डोकं भावाच्या खांद्यावर ठेवलं, तो त्यांचा गेलेला उजवा खांदा होता. त्यांना ते जाणवलं का नाही मला ठाऊक नाही. त्यांनी डाव्या हाताने तिचे केस नीट केले. पद्मजाबाई समोरच्या काचेतून नदीकडे बघत राहिल्या आणि मी इंजिन बंद असूनही कितीतरी वेळ ऊबदार होते.

नीलेशने भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही. पण पुढच्या दिवाळीत आम्ही पेणला गेलो नाही. माघातच ताई गेली. शेवटच्या दिवसांत ती येईल-जाईल त्याला सांगायची म्हणे, की माझ्या भावाने मला भाऊबीजेला नदी घातली.

मित्रांनो, मला आता फार कुणी बाहेर काढत नाही. ओसरीशेजारी उभी असते, नीलेश रविवारी धुतो, पाणी बघतो. बाकी माझं काही मागणं नाही. तुमच्या घरीदारी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, तर सकाळी तिचं झाकण उघडून आत बघत जा. पाणी कमी झालं, तर ते कुठे जातंय ते शोधा, सोडून देऊ नका. आणि तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्याचं कुणाकडे जायचं राहून गेलं असेल, तर त्याला विचारा, समोर बसून विचारा आणि घेऊन जा. याच वर्षी जा.